खांड

पिंपाचा नळ बंद करायला कुणीतरी विसरलं होतं. पाणी काठावरून उतरलं, गॅलरीच्या फरशीवर आलं आणि उतार सापडताच भिंतीच्या कडेकडेनं शेजारच्या विमलाताईंच्या उंबऱ्याकडे निघालं. जयवंत तोंडात ब्रश धरून तिथंच उभा होता. नळ हाताशी होता. तो बंद करावा एवढी अक्कल कुणालाही असते. पण जयवंतानं काय केलं, तर डावा पाय आडवा घातला. टाच भिंतीला घट्ट, घोटा फरशीला टेकलेला, पाऊल पाण्याच्या वाटेत. पाणी पायाशी आलं, थबकलं, मागे फुगलं, आणि हा दात घासत राहिला. "अहो, नळ बंद करा की आधी," सुगंधा आतून येत म्हणाली. "पाय काय लावून बसलाय?" तिनं नळ पिळला, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पोळपाटाकडे परत गेली. बायकोनं हसून सोडून द्यावी इतकीच ती गोष्ट होती. पण जयवंतानं खाली पाहिलं आणि तो दात घासायचा थांबला. तो पाय त्यानं घातला नव्हता. तो आपला आपण गेला होता, आणि आजच्या दिवशी तरी जायला नको होता.

कारण आज फाल्गुनातली अवस होती, दुपारी बाराच्या सुमाराला खाडीला उधाण येणार होतं, आणि त्या उधाणात जयवंताला घरामागचा बांध फोडायचा होता. ऑफिसात रजा टाकून झाली होती. सुगंधाला त्यानं सांगितलं होतं की एका ओळखीच्या माणसाला जागा दाखवायला जायचंय. "अवसेच्या दिवशी जागा बघायची? दुसऱ्याच दिवशी पाडवा आलाय, तेव्हा बघा म्हणावं," ती म्हणाली होती. "बघायचीच आहे, घ्यायची नाही," असं तो फटकन म्हणाला आणि स्वतःच चकित झाला. खोटं बोलणं जमत होतं. दहा वर्षं विमा कंपनीत आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला खोटंही जमतं आणि कुदळही जमेल, अशी तो मनाची समजूत घालत होता, तेवढ्यात हा पाय.

गॅलरीच्या टोकाला लोखंडी खुर्चीवर त्याचे वडील बसले होते. गुणाजींचा दिवस त्या खुर्चीत उगवायचा आणि तिथंच मावळायचा. परळच्या गिरणीत उभा जन्म साचे चालवलेला माणूस. संप झाला, गिरणी सुटली, गावी गेले. गावीही काही उरलं नाही तेव्हा गेल्या वर्षी मुलाकडे बोरिवलीला आले. मुंबईतलं त्यांना काही म्हणता काही पटत नसे. दूध पातळ, तांदूळ बेचव, मुलाचं ऑफिस म्हणजे पंख्याखाली बसायचं काम. पटलेली एकच गोष्ट होती आणि ती समोरच दिसायची. शेवटच्या इमारतींपलीकडे तिवरांचं रान होतं, त्यापलीकडे गोराईची खाडी, आणि दिवाळीनंतर त्या दोहोंच्या मधे एका बिल्डरनं मातीचा लांबलचक बांध घातला होता. तो उभा राहत असताना गुणाजी मुकादमासारखे लक्ष ठेवून असत. माती कसली आणतात, किती चोपतात, उतार कुठल्या अंगाला काढतात. काम पुरं झालं त्या दिवशी ते म्हणाले, "बांध बरो घातलो हा." मुलाशी आपण होऊन बोललेलं त्यांचं ते कित्येक महिन्यांतलं पहिलं वाक्य होतं. जयवंतानं "हो" म्हटलं आणि पेपर डोळ्यांसमोर धरला.

तो बांध कशासाठी आहे ते गुणाजींना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या समजुतीनं बांध घालायचा तो आत शेत करायला. इथं आत शेत व्हायचं नव्हतं. तिवराला रोज खारं पाणी लागतं. भरतीला बुडायचं आणि ओहोटीला चिखलातून वर आलेल्या मुळ्यांनी श्वास घ्यायचा, असा त्याचा नेम. तो मोडला की कुऱ्हाडसुद्धा लावावी लागत नाही. झाडं उभ्या उभ्या वाळतात. वाळली की राडारोड्याचे ट्रक येतात, ट्रकांमागून रोलर, आणि रोलरमागून नावात 'सागर' असलेली एखादी इमारत. हे सगळं जयवंताला नंदकुमारमुळे कळलं. नंदकुमार ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसायचा आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी बघत हिंडायचा. "तुझ्या घरामागे एवढा माल आहे आणि तू रविवारी घोरत पडतोस? कमाल आहे यार तुझी," असं म्हणून त्यानं एका रविवारी जयवंताला अंथरुणातून उठवून नेलं. तिथं जयंतीबाई भेटल्या. एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, पन्नाशीकडे झुकलेल्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचून बिनधास्त चिखलात उतरायच्या. त्यांनी तिवराचं एक पान तोडून जिभेला लावलं आणि दुसरं त्याच्यापुढे धरलं. "चाटा." पान खारट होतं. "झाड खारं पाणी पितं आणि मीठ पानातून बाहेर टाकतं," त्या म्हणाल्या. "पान खारट लागलं की समजायचं, बरं चाललंय." बांध झाल्यापासून त्या दर रविवारी पान चाटत आणि काही बोलत नसत. शेवटच्या रविवारी त्यांनी पान तोंडातून काढलं, पुसलं, आणि पर्समध्ये ठेवून दिलं. फार तर आणखी एक महिना, असं त्या नंतर म्हणाल्या.

अर्ज करून झाले होते. सह्या गोळा करून झाल्या होत्या, आणि गोळा करताना 'झाडं? ती कसली झाडं, डासांची घरं ती' हे ऐकून झालं होतं. वर्तमानपत्रात जयंतीबाईंचं पत्र आलं, निम्मं कापून. एका साहेबानं चहा पाजला आणि जमीन खाजगी आहे म्हणाला. दुसऱ्यानं चहाही न पाजता तेच सांगितलं. मग एकदा तिघं बांधावरून चालत असताना नंदकुमार म्हणाला, "साला हा फोडायलाच पाहिजे." तो थट्टेत म्हणाला होता. जयवंत त्या वेळी खाली वाकून बांधाच्या कुशीतलं एक भोक बघत होता. खेकड्याचं बीळ होतं, तोंडाशी ताजी ओली माती. त्याच्या तोंडून निघून गेलं, "हा इथं जाईल. पहिल्या मोठ्या उधाणाला." गावी कुणीही असंच म्हणालं असतं, आणि म्हणता म्हणता मूठभर चिकणमाती आणून बीळ चेपून टाकलं असतं. जयवंताची नजर चिकणमाती शोधायलाच वळली होती. वर बघतो तो दोघं त्याच्याकडे टक लावून उभे. जयंतीबाईंच्या चेहऱ्यावर त्यानं आजवर न पाहिलेला आनंद होता. "म्हणजे तुम्हांला यातलं कळतं," त्या म्हणाल्या. कळतं, पण उलट्या बाजूनं कळतं, असं तेव्हाच सांगून मोकळं व्हायला हवं होतं. तो म्हणाला, "थोडंफार." माणूस खड्ड्यात पडतो तो असा, कुणी ढकलावं लागत नाही. पुढच्या रविवारी सगळं ठरलंसुद्धा. नंदकुमारनं रस्त्यावर लक्ष ठेवायचं, जयंतीबाईंनी बांधावरच्या वॉचमनच्या झोपडीकडे, आणि कुदळ जयवंताच्या हातात. पकडलो गेलो तर पहिलं नाव माझं सांगा, असं जयंतीबाईंनी बजावलं होतं, आणि त्या तसं निभावतील याबद्दल त्याला शंका नव्हती. "आयुष्यात एक गोष्ट तरी कागदावर न करता करू या," त्या म्हणाल्या तेव्हा त्याला भरून आलं. त्यालाही अगदी हेच हवं होतं. ती झाडं जगावीत असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि ते वाटणं खरं होतं.

फक्त एक गोष्ट त्यानं दोघांना सांगितली नव्हती. त्याच्या गावी, देवगडाकडच्या खाडीकाठी, तिवर म्हणजे शिवी. शेतात तिवर उगवलं म्हणजे शेत मेलं. तिकडची भातं सगळी खाडीच्या तोंडातून काढून घेतलेल्या जमिनीवर. बांधापलीकडे खारं पाणी, अलीकडे लोंब्या. बांधाला भगदाड पडलं की ती खांड. 'खांड पडली' अशी आरोळी आली की हातातला घास ताटात टाकून धावायचं, मग घरात लग्न असो की सुतक. एकदा तर म्हणे खांदेकरी मढं ओटीवर ठेवून धावले होते, आणि मढ्याच्या मुलानं पहिली माती टाकली होती. जयवंत तेरा वर्षांचा असताना पिठोरी अवसेच्या दुपारी अशीच खांड पडली. गुणाजी गणपतीसाठी रजा काढून आदल्याच दिवशी गावी आलेले, अजून अंगावर गिरणीच्या तेलाचा वास. त्यांनी खांडीत उडी घेतली आणि पोराला हाताला धरून शेजारी ओढलं. "पाय आडवो घाल. टाच दगडाक लाय." पाणी छातीवर आदळत होतं, पायाखालची माती कुणीतरी चोरून नेत असल्यासारखी सरकत होती, आणि वडिलांची कंबर त्याच्या खांद्याला घट्ट टेकलेली होती. मागून बायाबापड्या चिखलाचे गोळे आणि फांद्या देत होत्या. "माती बसापर्यंत पाय काढू नको," गुणाजी पाण्याच्या आवाजावरून ओरडले. "पाणी मोठा खरा, पण ता थकता. आपण थकाचा नाय." पाणी खरंच थकलं. ओहोटी लागली, सगळे हसायला लागले, आणि घरी आल्यावर गुणाजींनी ओटीवरूनच आईला हाक मारली, "ह्येका गरम पाणी दी गो. खांड बुजवून इलो हा." वर्षातून दोनदा भेटणाऱ्या, गिरणीच्या भोंग्यावर जगणाऱ्या त्या माणसानं मुलाबद्दल अभिमानानं काही बोलावं असं त्याआधी झालं नव्हतं. नंतरही झालं नाही.

नंतर झालं ते वेगळंच. संपाच्या दुसऱ्या पावसात गुणाजी गावी होते, गावातले धडधाकट पुरुष सगळे मुंबईत, आणि बांधाला खांड पडली. एस.टी.नं आलेल्या एका माणसाबरोबर निरोप आला: खांड पडली हा, ये. जयवंताची त्या आठवड्यात खात्याची परीक्षा होती. परीक्षा देऊन जाऊ, असं त्यानं ठरवलं, आणि परीक्षा दिली, आणि पासही झाला. तिकडे तीन म्हातारे खांडीत उभे राहिले. बांध गेला. पुढच्या पावसापर्यंत भाताच्या मळ्यात तिवराची रोपं बोटभर वर आली होती. गुणाजींनी याबद्दल त्याला एका शब्दानं विचारलं नाही. ते न विचारणं घेऊन ते बोरिवलीला आले आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसले. जयवंताला कधी कधी वाटे, एकदा काय ते बोलून टाकावं त्यांनी, चार शिव्या घालाव्यात, म्हणजे दोन माणसं एका घरात सरळ राहू लागतील. ते बोलत नसत. आणि मग त्या पहिल्या रविवारी जयंतीबाई चिखलात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "जिथं तिवर आलं तिथं किनारा जिवंत आहे, जयवंत." त्या वाक्यानं त्याच्या छातीवरचं काहीतरी हललं होतं. म्हणजे त्याच्या न जाण्यानं तिकडे काही मेलं नव्हतं. उलट काहीतरी जगलं होतं. एवढ्यासाठी तो दर रविवारी त्या चिखलात जात असेल, तर नवल काय. हे त्याला कळत होतं, आणि कळूनही बरं वाटत होतं.

अकराच्या पुढे तो निघाला. जिन्यापाशी पोचतो तोच मागून आवाज आला, "खंय चललंस?" गुणाजींनी असं विचारणं म्हणजे आक्रीतच. "हयच. जागा बघूक," जयवंत म्हणाला. वडिलांशी बोलताना तोंड आपोआप मालवणीकडे वळायचं. तेवढं एक अजून शिल्लक होतं. गुणाजींनी खाडीकडे हात केला. "उधाण आसा आज. बांधाची परीक्षा." आणि ते खुर्ची कठड्याच्या आणखी जवळ ओढून बसले, सिनेमाला पुढची सीट मिळाल्यासारखे. इतक्या लांबून त्यांना माणसं ओळखू यायची नाहीत, जयवंतानं हिशेब केला. हिवाळ्यापासून मोतीबिंदू वाढत चालला होता. दुसऱ्याच क्षणी, आपण बापाच्या मोतीबिंदूवर विसंबून चाललो आहोत याची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटतच तो जिना उतरला.

ऊन डोक्यावर होतं. नाक्यावर पाडव्यासाठी साखरेच्या गाठ्यांच्या माळा लागल्या होत्या, एक बाई भाव करत होती, रिक्षावाला रिक्षात पाय वर करून झोपला होता. आपण आता काय करायला चाललो आहोत हे यांतल्या कुणालाही माहीत नाही, या विचारानं त्याला एकदा शूर वाटलं आणि एकदा फार एकटं. डांबरी रस्ता संपून पायवाट लागते तिथं झुडपामागून नंदकुमारनं गोणपाटात गुंडाळलेली कुदळ त्याच्या हातात दिली. कुदळ नवी कोरी, दांड्यावर दुकानाचं लेबल तसंच. "पटकन उरक आणि सुट," नंदकुमार पुटपुटला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "वॉचमन आता जेवायला बसलाय. धाकू का कोण म्हातारा आहे. जेवला की तासभर आडवा होतो." बांधाच्या दुसऱ्या टोकाकडे, झोपडीपासून थोड्या अंतरावर, जयंतीबाई छत्री उघडून उभ्या होत्या आणि कुठंतरी दूर बघत होत्या.

बांधावर चढल्यावर त्याला दोन्ही बाजू एकदम दिसल्या. उजवीकडे खाडी काठोकाठ भरत आलेली, संथ, जड, बांधाच्या माथ्यापासून हातभर खाली. डावीकडे भेगाळलेला करडा चिखल, पिवळी पानं, आणि त्या चिखलातून वर बोटं काढल्यासारख्या तिवराच्या मुळ्या, कोरड्या ठक्क. बीळ जागेवर होतं. त्यानं कुदळ उचलली आणि घातली. पहिल्या घावाला हात कचरले, मग मातीची ओळख पटली. चांगली चोपलेली माती होती; वडिलांनी म्हटलं ते खोटं नव्हतं. त्यानं माथ्यावर आडवा चर खणला, बिळापर्यंत नेला, आणि शेवटचा घाव पाण्याच्या अंगाला घातला. आधी माती नुसती काळी झाली. मग बोटाएवढी धार आली, वाकडी तिकडी, जागा विचारत. मग मनगटाएवढी. ती आत उतरली आणि भेगांमध्ये शिरताना चिखल चुरचुरला, बुडबुडे आले, एक लहानसा खेकडा कुठून तरी बाहेर येऊन वेड्यासारखा धावला. पाणी पहिल्या झाडाच्या मुळ्यांपाशी पोचलं. जयवंताला आनंद झाला. इतका की त्याला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. आपण हे केलं, आपल्या हातांनी. लांबून नंदकुमार दोन्ही हात हलवून 'चल, चल' करत होता. जायला हवं होतं. सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं आणि आता फक्त पाठ फिरवून चालू लागायचं होतं. तो उभा राहून पाणी बघत राहिला. मग चराच्या कडेचं मातीचं मोठं ढेकूळ सुटलं आणि धप्प करून पाण्यात पडलं.

तो आवाज त्याला माहीत होता. पुढचं काही त्यानं ठरवलं नाही. पाणी कमरेला लागलं तेव्हा त्याला कळलं की आपण खांडीत आहोत. डावा पाय आडवा होता, टाच एका दगडाला लागलेली, कुदळ पायाखाली कुठंतरी चिखलात रुतत होती. हातांनी डोक्यावरची फांदी धरली आणि मोडली, दुसरी मोडली, आणि पायामागे कोंबली. फांद्या तिवराच्या होत्या. हे त्याला दिसत होतं. आणि त्याच वेळी बांधावरून खणखणीत आरोळी आली, "खांड पडली रे! खांड!" जेवणातून उठलेला म्हातारा लुंगी वर खोचत धावत येत होता, उष्टा हात तसाच. त्यानं जयवंताला पाहिलं आणि कोण, कुठला, इथं कसा, काही विचारलं नाही. "पाय आडवो घाल," तो ओरडला. "घातलंय," जयवंत ओरडला. "माती दी!" धाकू बांधाच्या आतल्या अंगाला बसला आणि दोन्ही हातांनी चिखल ओरबाडून देऊ लागला. चिखल, फांदी, चिखल, फांदी. दोघांचे हात एकदाही एकमेकांत अडकले नाहीत.

जयंतीबाई आल्या. छत्री कुठंतरी टाकून आल्या होत्या. त्या बांधाच्या कडेला वाकल्या आणि शांतपणे, वर्गातल्या मुलाला सांगावं तसं म्हणाल्या, "जयवंत, पाय काढा." "काढतो," तो म्हणाला. त्यांच्यामागे नंदकुमार धापा टाकत आला. "अरे काढ ना! काय करतोयस तू? वाट लागली सगळी!" धाकूला वाटलं, ही पांढरपेशी माणसं घाबरली आहेत, हा वाहून जाईल म्हणून. "बाये, भिया नको," तो चिखल देता देता म्हणाला, "ह्यो टिकतलो." जयवंताला सगळं समजत होतं, समजत नव्हतं असं काहीच नव्हतं. मागे भात नाही. मागे तीच झाडं आहेत ज्यांच्यासाठी आपण आलो. पाय वीतभर सरकवला तर पाणी जाईल, झाडं जगतील, एवढं साधं आहे. त्यानं पायाला सांगितलं. पुन्हा सांगितलं. पाणी छातीवर आदळत होतं, पायाखालची माती सरकत होती, आणि खांद्यापाशी वडिलांची कंबर टेकली आहे असं त्याला स्वच्छ जाणवत होतं. पाय काढला तर वडील वाहून जातील असं त्याला वाटलं, आणि वडील तर घरी गॅलरीत खुर्चीवर बसले होते. "जयवंत," जयंतीबाई पुन्हा म्हणाल्या. या वेळी त्यांचा आवाज वर्गातला नव्हता. "काढतो," तो म्हणाला, आणि त्याला रडू आलं, आणि रडत रडत त्यानं हात मागे करून धाकूकडून आणखी एक चिखलाचा गोळा घेतला.

पाणी थकलं. आधी खाडीवरचा फेस उभा राहिला, मग तो हळूहळू उलटा निघाला. "सोड आता. पाणी वळला," धाकू म्हणाला. तेव्हाही पाय निघेना. म्हाताऱ्यानं काखेत हात घालून त्याला बाहेर ओढलं आणि दोघं बांधावर धपकन बसले. आत गेलेलं पाणी पहिल्या दोन-चार झाडांपाशी डबकं होऊन थांबलं होतं. ऊन ते संध्याकाळपर्यंत पिऊन टाकणार होतं. नंदकुमार निघून गेला होता. जयंतीबाई अजून तिथंच होत्या. बुजवलेल्या जागेतून तिवराची एक डहाळी बाहेर आली होती, तिचं एक पान त्यांनी तोडलं आणि जिभेला लावलं. खारट होतं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी जयवंताकडे पाहिलं, रागानं नाही, अनोळखी माणसाकडे बघावं तसं, आणि पायवाटेनं चालू लागल्या. "खंयचो रे तू?" धाकूनं विचारलं. "देवगडाकडचो." "तरीच," धाकू म्हणाला आणि चिखलाच्या हातानं त्याची पाठ थोपटली.

घरी येईपर्यंत अंगावरचा चिखल वाळून कडक झाला होता. "जागा बघायला गेला होतात की गाडायला?" सुगंधा दारातच म्हणाली, आणि त्याचा चेहरा बघून दारातून बाजूला झाली. गॅलरीच्या टोकाला गुणाजींनी मान वळवली. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. डाव्या पायाकडे पाहिलं, टाचेकडे, जिथं दगडानं साल निघाली होती.

"खांड पडली?"

"पडली."

"बुजवलंस?"

"बुजवलंय."

गुणाजी उठले. खुर्चीच्या हातांवर जोर देत, गुडघे सावरत, उभे राहिले आणि आपली खुर्ची त्यांनी मुलाच्या दिशेला सरकवली. "बस," ते म्हणाले. मग आत तोंड करून त्यांनी हाक मारली, "सुगंधा, ह्येका गरम पाणी दी गो. खांड बुजवून इलो हा." जयवंत खुर्चीत बसला. त्याला सुख झालं. सगळ्या दिवसात त्याला सगळ्यात भीती कशाची वाटली असेल तर त्या सुखाची. ते अंगभर पसरत होतं आणि अडवायला काहीच नव्हतं.

"फोडलान कोणी?" गुणाजींनी विचारलं.

"खेकड्यान."

"गावलो?"

"नाय."

गुणाजींनी कठड्याला धरून समोर पाहिलं. उन्हात बांध सरळ, अखंड दिसत होता, आणि त्याच्या अलीकडे तिवरं पिवळी. "मगे तो परत फोडतलो," ते म्हणाले. मग त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "पुनवेच्या उधाणाक रजा घी. दोघाय जावन बसूया राखणीक."

सुगंधानं गरम पाण्याची बादली आणून त्याच्या पायाशी ठेवली.

"घेतंय," जयवंत म्हणाला.